टॉवेल घेऊनच कार्यशाळेला जा

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सिलिकोन पॉलिमरच्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत तुझं पोस्टर स्वीकारलं गेलं, हे ऐकून फार आनंद झाला. तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर फोनवर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तिथे लोक नवे उत्प्रेरक, शरीरात बसवायची उपकरणं, थ्रीडी प्रिंटिंगचं सिलिकोन अशा विषयांवर बोलणार. त्यांच्यासमोर टॉवेलच्या सॉफ्टनरवर काय बोलायचं, शीर्षक बदलून जरा भारदस्त करू का, असं तू म्हणालीस.

बदलू नकोस. टॉवेल हा शब्द शीर्षकात राहू दे आणि सोलापूर हाही राहू दे. विषय आपल्या गावचा आहे म्हणून मी हे म्हणत नाहीये. सिलिकोनचा जो गुण त्याला बाजारात किंमत मिळवून देतो, तोच गुण टॉवेलवर आला की टॉवेलचं मुख्य काम बिघडवतो. असा सरळ विरोधाभास दाखवणारा प्रश्न संशोधनात सहजासहजी मिळत नाही. तुला तो घराशेजारी मिळाला आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्रोसेस हाउसच्या फिनिशिंग खात्यात तू उभी राहिली आहेस. गिऱ्हाईक टॉवेल हातात घेतो तेव्हा आधी बोटांनी चोळून बघतो. मऊ लागला तर भाव विचारतो, नाही तर पुढचा गठ्ठा उचलतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात सॉफ्टनर म्हणून अमिनो सिलिकोनचं इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल, देतात आणि पोळीला तेलाचा हात लावावा तसा त्याचा पातळ थर सुताच्या फासांवर बसतो. घरी गेल्यावर मात्र पहिल्याच आंघोळीला तक्रार येते, की टॉवेल पाणी पीत नाही, अंगावर नुसता फिरतो. आपल्याकडे बायका नवा टॉवेल आधी धुऊन मगच वापरायला काढतात, त्याचं एक कारण हेच.

आता याच्या मुळाशी जा. तिथे तुला विचारतील ते हेच विचारतील. सिलिकोनच्या साखळीत सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन आळीपाळीने येतात. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा कोन साधारण 145 अंशांचा, बराच उघडा, आणि तो फारशी ऊर्जा न लागता कमीजास्त होतो. साखळी सहज वळते, म्हणून पॉलिडायमिथाइलसिलोक्झेनचं, म्हणजे साध्या सिलिकोनचं, काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक होतो ते) उणे 125 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. नैसर्गिक रबराचं ते उणे 70 च्या जवळ असतं. इतकी लवचिक साखळी सुतावर बसली की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि बोटांना मऊपणा लागतो. पण ही साखळी वळताना आपले मिथाइल गट बाहेर, हवेच्या बाजूला करते. त्यामुळे पृष्ठताण मीटरला 20-21 मिलिन्यूटनपर्यंत उतरतो आणि पाणी त्या पृष्ठावर पसरत नाही. मऊपणा आणि पाणी नाकारणं या दोन्ही गोष्टी एकाच रेणूच्या एकाच सवयीतून येतात. पोस्टरच्या पहिल्या रकान्यात एवढंच लिही आणि शेजारी थेंबाचा फोटो लाव.

त्या थेंबाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या मसुद्यात तो एका ओळीत उरकला आहे. एएटीसीसी 79 ही कापड पाणी किती लवकर शोषतं ते मोजायची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. ताणून धरलेल्या कापडावर ब्युरेटमधून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि त्याची चमक जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चमक म्हणजे थेंबात दिसणारं दिव्याचं प्रतिबिंब. सॉफ्टनर न दिलेल्या टॉवेलवर ते डोळ्यांदेखत नाहीसं होतं. अमिनो सिलिकोन भरपूर दिलेल्या तुकड्यावर थेंब फासांच्या टोकांवर गोल बसून राहतो, ट्यूबलाइट त्यात वाकडी दिसते, आणि स्टॉपवॉच पुढे सरकत राहतं. फोटो घेताना नमुना, दिवा आणि कोन एकच ठेव. कोणत्याही देशातला माणूस तो फोटो पाहून थांबेल.

आता अमिनो सिलिकोन इतकं का वापरतात तेही नीट मांड. बाजूच्या साखळीवरचे अमाइन गट आम्लधर्मी द्रावणात धनभारित होतात आणि ऋणभार असलेल्या सुताला चिकटून बसतात. त्यामुळे साधं सिलिकोन तेल धुण्यात निघून जातं तसं हे पटकन निघत नाही. पण त्याच अमाइन गटाचं स्टेंटरच्या, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या यंत्राच्या, उष्णतेत ऑक्सिडीकरण होतं आणि पांढरा टॉवेल पिवळसर पडतो. तसंच ब्लीचिंगनंतरचा किंवा रिअॅक्टिव्ह रंगांच्या वेळचा अल्कली कापडात राहिला असेल, तर इमल्शन फुटून तेलकट डाग पडतात. फिनिशिंगमधला अनुभवी माणूस हे डाग बघून सांगतो, की धुलाई कमी पडली. तू दिलेल्या तक्त्यात कापडाचा पीएच नाही. तो घाल. पाण्याचा जडपणाही घाल. आपल्याकडे बोअरचं पाणी वापरलं की निकाल बदलतात आणि युरोपातल्या प्रयोगशाळेत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोलापुरात काम केल्याचा फायदा अशा ठिकाणी दिसतो.

टॉवेल पाणी पीत नाही, यावरचा मान्य उपाय म्हणजे साखळीला पॉलिइथरचे, म्हणजे पाण्याशी जमणारे, गट जोडायचे. मग पाणी मुरतं, पण मऊपणा थोडा उतरतो आणि धुण्यात टिकाव कमी होतो. तू अमिनो आणि पॉलिइथर सिलिकोन वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून नमुने केलेस, ते काम चांगलं झालं आहे. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा भाग धुलाईनंतरचा आहे आणि तोच तू पोस्टरच्या तळाशी, बारीक अक्षरांत टाकला आहेस. तो वर आण. दुकानात मऊ लागणारा टॉवेल सगळेच बनवतात. वीस धुलाईनंतर तो किती मऊ आहे आणि थेंब किती वेळात पितो, हे दोन्ही आकडे एकाच आलेखावर दाखव.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली आहे का? तू ज्या सत्रांना घाबरते आहेस, त्यातली बरीचशी तुझ्या टॉवेलशी जोडलेली आहेत. पॉलिइथर साखळीला जोडायचं काम हायड्रोसिलिलेशन या अभिक्रियेने होतं आणि त्याला प्लॅटिनम लागतं. 1957 साली रसायनज्ञ स्पायर यांनी क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचा वापर दाखवला, पुढे 1970 च्या दशकात कार्स्टेट यांचा उत्प्रेरक आला आणि आजही उद्योग त्याच्यावर मोठ्या प्रमाणात चालतो. हे प्लॅटिनम बहुधा मालातच राहून जातं, परत मिळत नाही. म्हणून लोह, कोबाल्ट अशा स्वस्त धातूंवर इतकं काम चाललं आहे. तेव्हा उत्प्रेरकांच्या सत्रात पाहुणी म्हणून मागच्या रांगेत बसू नकोस. तिथे जे ठरेल त्यावर आपल्या सॉफ्टनरचा दर अवलंबून आहे. अमाइन आणि गंधकाची संयुगं प्लॅटिनमला निकामी करतात, हेही वाचून जा. दातांचा साचा घ्यायचं सिलिकोन लॅटेक्सच्या हातमोज्यांनी मळलं तर नीट घट्ट होत नाही, ते याच कारणाने.

वलयी सिलोक्झेनचा, म्हणजे सिलिकोनच्या कड्यासारख्या लहान रेणूंचा, विषय तर तू टाळूच शकत नाहीस. डी-फोर, डी-फाइव्ह आणि डी-सिक्स ही लहान वलयं म्हणजे सिलिकोन बनवायचा कच्चा माल, आणि तयार मालातही ती थोडी शिल्लक राहतात. ती पर्यावरणात टिकून राहतात आणि सजीवांच्या शरीरात साठतात. म्हणून 2018 साली युरोपीय रसायन संस्थेने ती अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घेतली. 2020 पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-फोर आणि डी-फाइव्हवर 0.1 टक्क्याची मर्यादा आली आणि 2024 च्या नियमाने हे बंधन डी-सिक्ससह आणखी बऱ्याच वापरांपर्यंत वाढवलं. सोलापूरचा टॉवेल युरोपात जातो. तुझ्या नमुन्यांत वापरलेल्या इमल्शनमध्ये ही वलयं किती आहेत, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं. पुरवठादाराकडून तपशिलाचा कागद मागून घे. मिळाला नाही तर ते माहीत नाही असं स्पष्ट सांग आणि ती मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी करायची आहे असं म्हण.

मोनोमरचं, म्हणजे साखळी ज्या सुट्या रेणूंपासून बनते त्यांचं, रसायन मात्र अजून पक्कं नाही तुझं. मे 1940 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोकाव यांनी तांब्याच्या सान्निध्यात सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइडची वाफ साधारण 300 अंशांना नेऊन मिथाइलक्लोरोसिलेन थेट मिळवले. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. आजचा उद्योग त्याच प्रक्रियेवर उभा आहे. पण खरी मेहनत पुढे आहे. हवा असतो डायमिथाइलडायक्लोरोसिलेन, तो 70 अंशांना उकळतो. सोबत येणारा मिथाइलट्रायक्लोरोसिलेन 66 ला. या चार अंशांच्या फरकासाठी उंचच उंच ऊर्ध्वपातन स्तंभ उभारावे लागतात, कारण तीन हातांचा तो रेणू थोडाही राहिला तर सरळ साखळीला फाटे फुटतात आणि तेलाचा दाटपणा हाताबाहेर जातो. हे समजलं, की दोन कंपन्यांचं एकाच नावाचं तेल टॉवेलवर वेगळं का वागतं, याचा अंदाज तुला येऊ लागेल.

रोकाव यांच्या आधी नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी जवळजवळ चार दशकं या रसायनात घालवली. 1937 साली छापल्या गेलेल्या व्याख्यानात त्यांनी या शाखेत लवकर काही महत्त्वाची प्रगती होईल अशी आशा दिसत नाही, असं म्हटलं होतं. पुढच्या सहा वर्षांत सिलिकोन बनवणारी डाऊ कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. किपिंग यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांच्या संयुगांशिवाय पुढचं काही झालंच नसतं. पण चिकट, न स्फटिकणारे पदार्थ हा त्या काळच्या रसायनज्ञाला अडथळा वाटायचा आणि नेमकं तेच पुढे विकायचं उत्पादन ठरलं. कार्यशाळेत कोणी मोठ्या नावाचा माणूस तुझ्या आलेखाकडे पाहून यात काही नवं नाही म्हणाला, तर रागावू नकोस आणि खचूही नकोस. कोणता प्रयोग आधी झाला आहे, तेवढं त्यांना विचार आणि वहीत लिहून घे.

इंग्रजीची काळजी सोड. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड असं बोलत तू वाढलीस. तिथे जपानी, झेक, चिनी लोक असतील आणि त्यांच्यासाठीही इंग्रजी परकीच आहे. हळू बोल, आकडे बोटाने दाखव. समजलं नाही तर पुन्हा सांगा म्हण. चहाच्या वेळी आपल्याच लोकांच्या घोळक्यात उभी राहू नकोस.

कंपन्यांची माणसं गोड बोलून तपशील काढून घेतात. ज्या प्रोसेस हाउसने तुला यंत्रं वापरू दिली त्यांचं प्रमाण, तापमान, पॅडिंगचा (कापड द्रावणात बुडवून रुळांतून पिळण्याचा) दाब ही त्यांची मिळकत आहे. काय दाखवायचं आणि काय नाही, याची लेखी परवानगी निघण्याआधी घे. पोस्टरवर त्यांचे आभारही मान, पण नाव घालायचं की नाही ते त्यांना विचारून ठरव.

वेळ मिळाला तर विजेच्या इन्सुलेटरवरचं एखादं व्याख्यान ऐक. सिलिकोन रबरावर धूळ साचली तरी आतल्या लहान साखळ्या हळूहळू धुळीच्या थरावर येतात आणि तो थरही पाणी झटकू लागतो. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीजजाळी उरलेल्या देशाशी जोडली गेली. आपल्या धुळीत आणि उन्हात असे इन्सुलेटर किती वर्षं टिकतील, हा पीएचडीचा विषय होऊ शकतो. साखर कारखान्यातलं फेसनाशक आणि डाळिंबाच्या फवारणीत औषध पानावर पसरवणारं स्टिकर याबद्दल परत आल्यावर बोलू. स्टिकरमधला ट्रायसिलोक्झेन हा सिलिकोनचा छोटा रेणू पीएच 7 च्या आसपासच टिकतो, नाही तर पाण्यात तुटत जातो, हे मात्र तुझ्या मामांना आत्ताच सांग. ते फवारणीचं पाणी आदल्या रात्रीच कालवून ठेवतात.

आणखी एक. पुनर्वापराचं सत्र चुकवू नकोस. 2025 साली ल्योंच्या संशोधकांनी गॅलियमचा उत्प्रेरक आणि बोरॉन ट्रायक्लोराइड वापरून सिलिकोनचा कचरा परत क्लोरोसिलेनपर्यंत नेता येतो हे दाखवलं. टॉवेलवरचा थर इतका पातळ असतो, की तो वेगळा करणं परवडेल का, हे त्यांना विचारण्यासारखं आहे. मला याचं उत्तर खरंच हवं आहे.

टॉवेलचे कापलेले तुकडे सोबत ने. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घाल आणि एक ड्रॉपर ठेव, म्हणजे पोस्टरसमोरच थेंब टाकून दाखवता येईल. दुरुस्त केलेला मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. आलेखातली अक्षरं दुप्पट मोठी कर आणि अक्षांवर एकक लिहायला विसरू नकोस.

तुझी,
मॅडम