प्रिंट चोळताना चेहराच का पुसला जातो?

प्रश्न : ताई, आजीआजोबांचा जुना फोटो स्कॅन केला, घरच्या प्रिंटरवर कलर प्रिंट काढली आणि चित्र लाकडावर उतरावं म्हणून जेल मीडियम (घट्ट, सुकल्यावर पारदर्शक होणारं अ‍ॅक्रिलिक माध्यम) लावून लाकडी फळीवर उलटी चिकटवली. रात्रभर सुकू दिली, मग कागद भिजवून चोळायला लागले तर चेहरेच धुऊन गेले, जांभळट डाग तेवढा उरला. मीडियम कमी पडलं का? आणि मूळ फोटो अजून आहे, तोच डायरेक्ट चिकटवला तर चालेल का?

उत्तर : मूळ फोटो आधी जपून ठेवून द्या, त्याला अजिबात हात लावू नका! जुन्या फोटोतलं चित्र कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतं, ओलं करून घासलं तर तो थरच सोलवटतो, आणि नंतरच्या काळातल्या फोटोंच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे पाणी आत जातच नाही, कागद निघणार कसा? आणि तो फोटो गेला की गेलाच, स्कॅनची प्रिंट मात्र हवी तितक्या वेळा काढता येते.

मीडियमचा काही दोष नाही, सगळा फरक प्रिंटरचा आहे. तुमचा प्रिंटर बहुतेक इंकजेट असणार, त्याची शाई पाण्यातली, म्हणून पाणी लागलं की पसरली. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनमध्ये शाई नसतेच, टोनर असतो, म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, जी उष्णतेने वितळून कागदावर बसते आणि पाण्याला दाद देत नाही. शंका असेल तर प्रिंटच्या कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा, रंग बोटाला आला तर ती प्रिंट या कामाची नाही.

तेव्हा लेझर प्रिंट काढा, साध्या पातळ कागदावर, ग्लॉसी फोटो पेपर नको. प्रिंट काढायच्या आधी फोटो मिरर करा, नाहीतर डावं-उजवं उलटं होईल, आणि पाटीवरची अक्षरं वगैरे असली तर लगेच डोळ्यात भरतं. फळीला आधी पॉलिश पेपर मारा. अजून एक गोष्ट खूप जण विसरतात, टोनरमध्ये पांढरा रंग नसतो, फोटोतला पांढरा भाग म्हणजे नुसता कागद, तो निघून गेला की तिथे लाकूडच दिसतं. मला स्वतःला चेहऱ्यावर आलेला लाकडाचा रंग फार आवडतो, पण तुम्हाला उजळ चेहरे हवे असतील तर फळीला आधी पांढरा जेसो, म्हणजे रंगकामाआधी देतात तो अस्तराचा हात, लावून पूर्ण सुकू द्या.

जेलचा एकसारखा थर द्या, प्रिंट उलटी ठेवून मधून कडांकडे दाबत हवा काढा, बुडबुडा राहिला तिथे चित्र उतरत नाही. सुकायला रात्रभर. खरी परीक्षा चोळताना असते, कागद भिजवून दोन मिनिटं थांबा आणि बोटाच्या पेराने गोल गोल, हलक्या हाताने लगदा काढा, नख लावू नका. मध्येच थांबून सुकू द्या, पांढुरकी झाक दिसली की परत भिजवा, परत चोळा. सगळा कागद एकाच बैठकीत काढायचा हट्ट धरला की टोनरही उचकटतो. शेवटी जी थोडी झाक राहते ती वरून मीडियमचा पातळ हात दिला की बरीचशी पारदर्शक होते.

प्रश्न : थिनरने मासिकातले फोटो उतरवतात म्हणे, ते करू का?

उत्तर : होतं तसं. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५८ ते १९६० मध्ये इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’ या काव्यावर जी ३४ चित्रं केली ती याच पद्धतीने, मासिकांतली छायाचित्रं सॉल्व्हंटने (थिनरसारख्या शाई विरघळवणाऱ्या द्रवाने) भिजवून पाठीमागून घासत. ते घासल्याचे फराटे चित्रात दिसतात आणि मला तेच सगळ्यात सुंदर वाटतात. पण त्या वाफा तब्येतीला वाईट आणि लगेच पेट घेणाऱ्या, म्हणून फक्त मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आसपास आग नसताना करा. घरात लहान मुलं असतील तर जेलचीच पद्धत ठेवा.