चुनखडीची खाण सहा मीटरपेक्षा उथळ असेल, तर खाण सुरक्षा निरीक्षकाची तपासणी टळते का?

आपण गोव्यातील डिचोलीचे असून बागलकोट भागातील चुनखडीच्या एका लहान खाणीत भागीदारी घेतली आहे. खोदकाम सहा मीटरच्या आत आहे आणि कामावर चाळीसएक माणसे आहेत, त्यामुळे खाण सुरक्षा कायदा लागूच होत नाही असे आपले भागीदार म्हणतात, ते खरे का, असा आपला प्रश्न आहे. ते अर्धे खरे आहे, आणि अडचण होते ती उरलेल्या अर्ध्यामुळे.

मी डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणीवर फोरमन होतो आणि मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर काही वर्षे चिरेखाणींची, म्हणजे जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींची, कामे पाहिली. या बाबतीत आपला चिरा आणि बागलकोटची चुनखडी कायद्याच्या एकाच यादीत येतात. खाण अधिनियम, १९५२ च्या कलम ३ मध्ये मुरूम, जांभा, रेती, चुनखडी अशा खनिजांच्या लहान खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. उघड्या खाणीसाठी त्या सुटीला तीन अटी होत्या : खोदकामाची खोली कोठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि खोदकामात स्फोटके वापरलेली नसावीत. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे, तेव्हा अर्जावर कलमांचे जुने क्रमांक लिहू नका.

भागीदारांची चूक बहुधा मोजणीत असते. खोली मोजायची ती खोदकामाच्या सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत; त्यामुळे खाण उतारावर असेल, तर खालच्या बाजूने चार मीटर दिसणारा खड्डा वरच्या कडेपासून सहजच सात मीटर भरतो. सत्तरी तालुक्यातील एका चिरेखाणीत मालकाने पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजून पाच मीटर लिहिली होती. निरीक्षकांनी वहीला हात न लावता दोरीला दगड बांधून पाण्यात सोडला आणि ती सात मीटरच्या पुढे गेली. मी शेजारीच उभा होतो. मालकाला काय उत्तर द्यावे ते सुचेना, आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही.

तीनपैकी एक अट मोडली, की उरलेला कायदा त्याच क्षणी लागू होतो आणि ते कळवण्याची जबाबदारी मालक, एजंट किंवा मॅनेजर यांच्यावर येते. निरीक्षक येऊन सांगेपर्यंत थांबण्याची मुभा नाही. चुनखडी कठीण असल्याने ठेकेदाराला एखादा सुरुंग उडवण्याचा मोह होतो, आणि त्या एका सुरुंगाने सूट जाते. शिवाय सूट शाबूत असतानाही निरीक्षकाचा खाणीत येऊन पाहण्याचा अधिकार कायम होता आणि १८ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची बंदीही.

सूट गेल्यावर निरीक्षक आधी खाणीची कड पाहतात, नोंदवह्या नंतर. धातुमय खाण विनियम, १९६१ च्या १०६ व्या विनियमानुसार मातीच्या किंवा मुरमाच्या थरात बाजूंचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नसावा किंवा १.५ मीटरपर्यंत उंचीचे बेंच (खोदकामात ठेवलेले पायऱ्यांसारखे टप्पे) असावेत, आणि त्यांची रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. कठीण खडकात बेंचची उंची ६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. काठापासून तीन मीटरच्या आत झाड, सुटे दगड किंवा राडारोडा ठेवता येत नाही, आणि खालून पोखरून वरचा भाग लोंबकळत ठेवणे पूर्णपणे वर्ज्य आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त ताशेरे याच दोन गोष्टींवर येतात, कारण माल भरण्याच्या घाईत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

या सुटीचा खनिज कायद्याशी काहीही संबंध नाही, हेही भागीदारांना सांगा. चुनखडी हे प्रमुख खनिज असल्याने भाडेपट्टा, मंजूर खाण आराखडा, पर्यावरणीय मंजुरी आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे द्यावयाची मासिक व वार्षिक विवरणपत्रे दोन मीटर खोल खाणीलाही चुकत नाहीत.

सर्व्हेअर बोलावून उंच कडेपासून तळापर्यंतची मोजणी आताच करून घ्या. आकडा पाचाच्या पुढे गेला असेल, तर फोरमनचे प्रमाणपत्र असलेला माणूस शोधायला लागा. डिचोलीच्या बाजारात चौकशी केलीत, तर एखादा जुना फोरमन अजून सापडेल.