मुलीचे वरचे दोन दात आलेच नाहीत, माझ्या आईलाही नव्हते. हे घराण्यातून येतं का, आता काय करावं?

तुम्ही निपाणीहून लिहिलंय, मुलगी दहा वर्षांची आहे आणि शेजारणी म्हणतात गरोदरपणी ग्रहण पाळलं नसणार. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. आमच्या खानापूरच्या घरात चार पिढ्या हेच चाललंय, म्हणून लिहितो.

समोरच्या दोन दातांच्या शेजारचे, तेच दोन दात आमच्या आज्जाला नव्हते. तंबाखूनं गेले म्हणायचे सगळे. आत्यालाही नाहीत, आणि तिनं जन्मात मिश्रीला बोट लावलेलं नाही. मला ते आहेत, पण बारीक, खुंटीसारखे. त्याऐवजी खालची एक दाढ नाही. एकाच घरात असं कमीजास्त दिसतं. एमएसएक्स-१, पॅक्स-९ असल्या जनुकांतला दोष आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. मामाची पोर केली म्हणून झालं, असं आपल्याकडे लगेच बोलतात. या प्रकाराला नात्यातलं लग्न लागत नाही.

माझी दुधाची दाढ बारा वर्षं झाली तरी हलेना, तेव्हा एका दवाखान्यात ती उपटली. "खालची पक्की अडकलीय, वाट मोकळी करू." एक्स-रे काढलाच नाही. खाली काही नव्हतंच! आज बेचाळिसाव्या वर्षी मागची दाढ त्या फटीत कललीय, वरची खाली उतरलीय, आणि भाकरीचा तुकडा रोज तिथंच अडकतो. मुलाच्या वेळी मात्र आधी ओपीजी काढला, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. खिडकीच्या उजेडात धरला तर डावीकडं दुधाच्या दाढेखाली पक्कीची सावली स्पष्ट, उजवीकडं नुसतं हाड. ती दुधाची दाढ आम्ही ठेवलीय. मुळं शाबूत असली आणि कीड लागू दिली नाही तर अशी दाढ तिशी-चाळिशीपर्यंतही टिकते.

तेव्हा मुलीचा दुधाचा दात शिल्लक असेल तर ओपीजी बघितल्याशिवाय काढू देऊ नका. तिचे सुळे अजून यायचे असतील. ते कुठून येतायत त्यावर पुढचं ठरतं. तार लावून सुळा पुढं आणायचा आणि घासून, सिमेंट लावून त्याला नसलेल्या दाताचा आकार द्यायचा, किंवा फट राखून नंतर दात बसवायचा. स्क्रूचा दात, म्हणजे इम्प्लांट, वाढ थांबेपर्यंत नको, अठराच्या आत तर नकोच. तो हाडात पक्का बसतो. शेजारचे दात जबड्याबरोबर सरकतात, हा जागीच राहतो आणि आखूड दिसतो. तोवर काढघालीची प्लेट किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला दात चालतो.

एक विचारायचं राहिलं. तिला घाम येतो ना? केस फार विरळ, दात टोकदार आणि उन्हात अंग तापतं असं असेल तर प्रकरण नुसत्या दातांचं नाही, बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, दोन्हींची डेंटल कॉलेजं आहेत. शिकाऊ डॉक्टर बघतात, मग सर येतात, दिवस जातो. सकाळची पहिली गाडी धरा, आणि तुमच्या आईंनाही बरोबर न्या; घरात आणखी कुणाला होतं हे डॉक्टर विचारतातच, ते त्यांनाच ठाऊक असणार.