कोर्लई आधी नको, रेवदंडा आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकहून स्वतःच्या गाडीने निघायचं, सोबत दोन मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई, हातात डिसेंबरचे दोन दिवस, आणि त्यात अलिबागचा कुलाबा, कोर्लई, काशिद, मुरुड-जंजिरा असं सगळं बसवायचं आहे. "कोर्लईला अर्धा तास पुरेल ना?" असंही तुम्ही विचारलंय. माझी मावशी नागावला असते, त्यामुळे त्या पट्ट्यात माझं सारखं जाणं-येणं असतं. त्या भरवशावर लिहितो. पटेल तेवढं घ्या.

पहिलं म्हणजे जंजिरा यादीतून काढा. दोन दिवसांपैकी अर्धा-अर्धा दिवस रस्त्यातच जाणार. उरलेल्या वेळात जंजिऱ्याच्या होडीच्या रांगेत उभं राहायचं, मग शिडाच्या होडीतून दरवाजापाशी उतरताना सासूबाईंना हाताला धरून वर ओढायचं, यात ना जंजिरा धड बघून होतो ना दुसरं काही. त्याच्यासाठी मुरुडला मुक्काम ठेवून वेगळी खेप करा. ही खेप चौलचं जुनं बंदर, रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला यांच्यासाठी ठेवा. ही तीन ठिकाणं म्हणजे मुळात एकच गोष्ट आहे आणि लोक ती तुकड्यातुकड्यांनी बघतात, म्हणून त्यांना कोर्लई "ठीक आहे, व्ह्यू छान आहे" एवढाच वाटतो.

आपण नाशिककर किल्ला म्हटलं की उंची मोजतो. हरिहरच्या पायऱ्या, साल्हेरचे १५६७ मीटर, धोडपची माची हे डोक्यात असतं. कोर्लईची टेकडी समुद्रापासून जेमतेम शंभर मीटर. त्यामुळे आपल्याकडचे ट्रेकर तिथे गेले की वीस मिनिटांत वर, दहा मिनिटं फोटो आणि खाली. हा किल्ला चढण्यासाठी बांधलेलाच नाही, खाडीचं तोंड धरून ठेवण्यासाठी बांधलाय. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एका बाजूला रेवदंडा आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात घुसलेला हा कोर्लईचा कडा. आत चौल बंदरात जाणारं प्रत्येक जहाज या दोघांच्या मधून जायचं. म्हणून आधी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहून पलीकडचा कडा बघायचा. मग पलीकडे जाऊन वर चढायचं आणि तिथून रेवदंडा बघायचं. हा क्रम उलटा केलात तर वर गेल्यावर खाली नक्की काय बघायचं तेच कळत नाही.

चौल हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यातल्या दानलेखात चेमुलाच्या, म्हणजे चौलच्या, एका सोनाराचं नाव आहे. ग्रीक-रोमन लेखकांनाही हे बंदर माहीत होतं. आपल्या पांडवलेण्यात ऋषभदत्ताच्या लेखात शूर्पारक, म्हणजे सोपारा, येतं. त्याच काळातलं हे चौल. घाटावरचा माल खाली उतरायचा आणि बंदरातला माल वर चढायचा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौललाच उतरला आणि तिथून घाट चढून जुन्नरला जाऊन राहिला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ आहे. मुलांना तो जरूर दाखवा. एक रशियन माणूस घोडा विकायला एवढ्या लांब आला होता हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात.

आता किल्ल्यांकडे. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथेच मारला गेला. तरीही पोर्तुगीजांनी पाय काढला नाही. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. त्यानंतर एक विचित्र शेजार सुरू झाला. आतलं वरचं चौल निजामशाहीचं आणि समुद्राकाठचं खालचं चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचं. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने रेवदंड्याला वेढा घातला, पण ते हाती आलं नाही. म्हणून पुढे १५९४ मध्ये निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या कड्यावर तटबंदी उभी करून तोफा चढवल्या. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलात की हे आपोआप समजतं, कारण तो कडा अक्षरशः डोक्यावर आल्यासारखा दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून कोर्लई घेतला आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं सोडला नाही. १६८३ मध्ये संभाजीमहाराजांच्या फौजेने चौलला वेढा दिला होता. पण दोन्ही ठिकाणं मराठ्यांकडे आली ती वसई पडल्यावर, १७४० च्या तहाने. १८१८ ला इंग्रज आले आणि मग तोफांना काही काम उरलं नाही.

एवढं मुलांना गाडीत सांगून टाका, म्हणजे तिथे भाषण द्यावं लागणार नाही.

नाशिकहून पहाटे पाचला पाथर्डी फाटा सोडा, उशीर नको. इगतपुरीजवळ पिंप्री सदोला समृद्धीवर चढता येतं. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातल्या ट्रकच्या मागे रांगायची वेळ येत नाही. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली येते. टोल लागतो आणि वाटेत चहाची टपरी नाही, म्हणून घोटीतच चहा आणि बाकीचं सगळं उरकून घ्या. खरी डोकेदुखी आमण्याच्या पुढे. भिवंडी, कल्याण, शिळफाटा, तळोजा या पट्ट्यात आठच्या आत निघून गेलात तर ठीक, नाहीतर तिथेच तासभर गेला म्हणून समजा. पुढे पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडं पुढे जातं. गाडी नसती तर मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई आणि गेटवेहून मांडव्याची बोट सुचवली असती, पण सासूबाई आणि सामान घेऊन त्या चढउतारात पडू नका.

मुक्काम अलिबाग शहरात करू नका. नागाव, चौल किंवा रेवदंडा, यांपैकी कुठेही नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती ठिकाण बघा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर आजच फोन करा. त्या दिवसांत सगळी मुंबई तिथे असते आणि भाडीही तशीच वाढतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास जात असाल तर चौलच्या दत्ताची जत्रा पाच दिवस चालते. गर्दी आवडत असेल तर मजा आहे, पण गाडी लावायला जागा मिळत नाही. दत्ताच्या टेकडीला शेकडो पायऱ्या आहेत, सासूबाईंना त्या झेपणार नाहीत. त्यांच्यासाठी चौलचं रामेश्वराचं मंदिर बघा. पुष्करणी आणि गर्द झाडी आहे, पायऱ्यांचा त्रास नाही, सकाळी सकाळी फार छान वाटतं.

पहिल्या दिवशी जेवून थोडं पडा आणि दुपारचं ऊन कललं की रेवदंड्याचा कोट बघा. अलिबाग-मुरुड रस्ता तटबंदीतूनच जातो, त्यामुळे बरेच जण किल्ल्यातून गाडी घेऊन जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. गाव किल्ल्याच्या आतच वसलंय. वाड्यांमध्ये चर्चच्या पडक्या भिंती, कमानी, मध्येच तोफ, आणि सातखणी मनोरा. पूर्वी सात मजल्यांचा होता म्हणतात, आता चार उभे आहेत. बऱ्याच जागा खासगी वाडीत आहेत. आत शिरण्याआधी विचारा, लोक नाही म्हणत नाहीत. मग तटाला धरून किनाऱ्यावर या. सुरूच्या झाडांखाली सासूबाईंना बसवा आणि समोरचा कोर्लईचा कडा मुलांना दाखवा. इथे पाण्यात उतरू देऊ नका. खाडीचं तोंड आहे, ओढ फसवी असते, वरून पाणी शांत दिसतं तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कोर्लई. खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की थोड्या वेळात उजवीकडे कोर्लई गावाचा फाटा. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे वाळत घातलेली मासळी, समोरून टेम्पो आला तर एकाला मागे यावंच लागतं. मोठी एसयूव्ही असेल तर चालवणाऱ्याने जरा धीर धरावा. गावात ख्रिस्ती वस्ती आहे आणि ती मंडळी घरात अजून पोर्तुगीजपासून तयार झालेली एक वेगळीच बोली बोलतात. हजारभरच माणसं ती बोलणारी उरली असतील. दुकानात तुमच्याशी मात्र चोख मराठी. कृपा करून त्यांना "जरा बोलून दाखवा ना" म्हणत मोबाइल पुढे करू नका. पर्यटकांनी हे इतक्यांदा केलंय की आता ते वैतागतात, आणि वैतागणं बरोबरच आहे.

गाव संपलं की रस्ता समुद्राला लागून दीपगृहापर्यंत जातो. गाडी तिथे लावा. सासूबाईंना इथपर्यंत आरामात येता येईल. समोर मोकळा समुद्र आहे आणि वारा भरपूर, फक्त सावली कमी, टोपी असू द्या. दीपगृहात आत जायची वेळ ठरलेली असते, ती तिथल्या कर्मचाऱ्यांनाच विचारा. मागच्या बाजूने पायऱ्या वर चढतात. मुलं पंधरा-वीस मिनिटांत पोचतील. एक खाडीच्या बाजूचीही वाट आहे, पण तुमच्या बाबतीत दीपगृहाचीच बरी.

वर गेल्यावर घाई करू नका. तुमच्या अर्ध्या तासाचं उत्तर इथे आहे. किल्ला उत्तर-दक्षिण पसरलाय, लांबी आठशे मीटरच्या वर आणि रुंदी सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर, म्हणजे कड्याच्या पाठीवर टाकलेली नुसती पट्टी. एवढ्या अरुंद जागेत शत्रू एका टोकाने आत शिरला तर पूर्ण किल्ला गेला, म्हणून आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे केलेत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला दरवाजा, पुन्हा दरवाजा. गॅझेटिअरमध्ये एकूण अकरा दरवाजे दिलेत, सात आतले आणि चार बाहेरचे. मुलांना मोजायला लावा, अर्धे पडके असल्यामुळे भांडणं होतील, होऊ द्या. दरवाजांवर पोर्तुगीज शिलालेख आहेत, छप्पर गेलेलं चर्च आहे, पाण्याचं टाकं आहे, आणि मराठ्यांच्या काळातलं महादेवाचं छोटं देऊळ. टाक्यातलं पाणी पिऊ नका. वर दुकान नाही, बाटल्या खालूनच घ्या आणि रिकाम्या खाली आणा.

उत्तरेच्या टोकापर्यंत जा, बहुतेक लोक अर्ध्यातूनच मागे फिरतात. तिथे खाली पाण्यालगत तोफांचा आणखी एक माच आहे, त्याला क्रुसाची बातेरी म्हणतात. वरच्या तोफा लांबच्या जहाजांसाठी आणि खालच्या तोफा पाण्याच्या पातळीवर, तोंडातून आत घुसणाऱ्यासाठी. पलीकडे काल ज्या सुरूंखाली बसला होतात ते रेवदंडा. पूर्वेला खाडीत होड्या, पश्चिमेला मोकळा समुद्र, दक्षिणेला काशिदकडचे डोंगर. मुलांना एकच प्रश्न विचारा: तुम्ही जहाजाचे कप्तान असता तर आत कसे शिरला असता? आमच्या भाच्याने "रात्री" असं सांगितलं होतं, आणि मग पुढचा अर्धा तास वाद चालला.

कड्याला कठडा कुठेच नाही आणि वारा जोरात असतो. लहान्याचा हात सोडू नका, आणि सेल्फीसाठी तटावर चढू नका. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर चढा. डिसेंबरातही मधल्या उन्हात तो काळा दगड भाजतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ येतं, तेव्हा नको.

जेवणाचं म्हणाल तर मासे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही, कोणत्याही खानावळीत ताजं मिळेल. सासूबाई शाकाहारी असतील तर मुक्कामाच्या घरीच आधी सांगून ठेवा, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळते. डिसेंबरात पोपटी चुकवू नका. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला घालून शेकोटीत भाजतात, हवी तर चिकन आणि अंडी घालून, नको तर तशीच. आदल्या दिवशी सांगावी लागते. फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला दिसतील. त्याला भौगोलिक मानांकन आहे. लासलगावच्या जवळच्या माणसाने दुसरीकडून कांदा विकत आणायचा म्हणजे घरी बोलणी खावी लागतात, पण कच्चा खायला तो गोड असतो हे कबूल करायला हवं.

काशिदला जायचं असेल तर कोर्लई उतरल्यावर जाऊन या, पुढे फार लांब नाही. पण मग नाशिकला रात्री बारा होतील. मी तुमच्या जागी असतो तर सकाळी कोर्लई करून, एकपर्यंत जेवून, परत अलिबागमार्गेच निघालो असतो. रविवारी संध्याकाळी वडखळ ते पनवेल मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांनी तुंबतं. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून सोमवार-मंगळवार ठेवा, मुलांच्या नाताळच्या सुट्टीत ते जमेलच. तारीख ठरली आणि गाडी कोणती ते कळवा, नागावच्या एक-दोन घरगुती ठिकाणांचे नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.