थीम पार्कमधली उंचावरची संथ ट्रेन मध्येच थांबते, तर लहान मूल आणि आजीला घेऊन तीत बसावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी यांना घेऊन उंचावरून फिरणाऱ्या मुलांच्या ट्रेनमध्ये बसायचं आहे, पण ती वर असताना दोनदा थांबलेली पाहिली आणि धास्ती वाटली. माझं उत्तर आहे, मुलाला घेऊन निश्चिंत बसा. आजींबाबत आधी एक गोष्ट विचारून घ्या, ती पुढे सांगतो. अशा ट्रेनचं मध्येच थांबणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. शंका आली की थांबायचं, अशीच तिची रचना असते.

रोलर कोस्टरशी तिची तुलना मनातून काढून टाका. कोस्टर एकदा चढावरून सुटला की उतारावर धावतो आणि जिथे ब्रेक बसवलेत तिथेच थांबू शकतो. ही ट्रेन मात्र पूर्ण फेरीभर मोटरच्या जोरावर चालते, त्यामुळे वाटेत कुठेही थांबवता येते. वेग ताशी पाच ते दहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्यापासून सावकाश धावण्यापर्यंत. उंची साधारण तीन ते सहा मीटर, एक-दोन मजल्यांइतकी.

डबा बहुतेक ठिकाणी पोलादी तुळईवर स्वार झालेला असतो. वरच्या पृष्ठभागावर भार पेलणारी चाकं, दोन्ही बाजूंना डबा सरळ ठेवणारी आडवी चाकं आणि तुळईच्या खालच्या अंगाला आणखी चाकं किंवा आकडे. तुळईला अशी तीन बाजूंनी मिठी मारलेली असल्यामुळे डबा वर उचलला जाणं किंवा बाजूला घसरणं रचनेतच अडवलेलं असतं. चाकांवर पॉलियुरेथेनचा (एक चिवट प्लास्टिक) किंवा रबराचा थर असतो. तरीही अधूनमधून 'ठक' असा आवाज येतो, तो तुळयांच्या सांध्यांचा. उन्हात पोलाद पसरतं. तीस मीटरची तुळई चाळीस अंशांनी तापली तर सुमारे चौदा मिलिमीटर लांबते, म्हणून सांध्यात मुद्दाम फट ठेवतात. तो आवाज ऐकून घाबरायचं कारण नाही.

वीज डब्यापर्यंत पोहोचते ती तुळईलगतच्या वीजपट्टीवरून, घासत जाणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांमार्फत. काही राइडमध्ये उलट रचना असते. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली पीपलमूव्हर ही अशीच उंचावरून फिरणारी संथ ट्रेन 1975 साली सुरू झाली. तिच्या मोटरी मार्गातच बसवल्या आहेत, डब्यात मोटरच नाही. मार्गातली चुंबकीय लाट डब्याच्या तळाला पुढे ढकलते. मला ही रचना फार आवडते, कारण हलणाऱ्या डब्यात बिघडण्याजोगं थोडंच उरतं.

ब्रेकची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या राइडमध्ये सहसा ब्रेक स्प्रिंगच्या दाबाने लागलेलाच असतो आणि वीज किंवा हवेचा दाब त्याला सोडवून धरतो. वीज गेली, वायर तुटली किंवा हवा गळली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. म्हणजे वीज गेल्यावर ट्रेन सुसाट सुटेल ही भीती उलटी आहे. वीज गेली की ती जागेवरच उभी राहते.

आता ती मध्येच का थांबते, ते पाहू. एका मार्गावर दोन-तीन ट्रेन फिरत असतील तर मार्गाचे ब्लॉक, म्हणजे ठरावीक भाग, पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकाच वेळी एकच ट्रेन असा नियम कंट्रोलर, म्हणजे ट्रेनवर ताबा ठेवणारा संगणक, पाळतो. फलाटावरची ट्रेन निघाली नाही तर मागची बाहेरच थांबवली जाते. हेच सर्वांत मोठं कारण. कुणाचा लॅप बार (मांडीवर येऊन अडकणारा सुरक्षेचा दांडा) नीट बसत नाही, कुणाला उतरायला वेळ लागतो, आणि वर मागची ट्रेन तिष्ठत राहते.

एक हिशोब करून बघा. ट्रेनमध्ये बारा जागा असतील आणि दर नव्वद सेकंदांनी एक ट्रेन सुटत असेल, तर तासाला 40 ट्रेन, 480 माणसं. तेच चढण्या-उतरण्यात अडीच मिनिटं गेली तर 24 ट्रेन आणि 288 माणसं. रांग मुंगीच्या पावलाने सरकते ती ट्रेन संथ असल्यामुळे नव्हे, फलाटावरच्या खोळंब्यामुळे. म्हणून पाठपिशवी आणि बाबागाडी आधीच बाजूला ठेवा आणि मुलाला कुठे बसायचं ते रांगेतच सांगून ठेवा.

बाकीची कारणं अशी: कुणी उभं राहिल्याचं कॅमेऱ्यात दिसलं, टोपी किंवा मोबाइल मार्गावर पडला, धुळीने किंवा सरकल्यामुळे एखाद्या सेन्सरने ट्रेनची नोंद घेतली नाही, विजेचा दाब क्षणभर उतरला. सेन्सरचा आणि कंट्रोलरचा हिशोब जुळला नाही की कंट्रोलर अंदाज बांधत बसत नाही, सगळ्या ट्रेन उभ्या करतो. मग माणसाने जाऊन खात्री केल्याशिवाय त्या पुन्हा हलत नाहीत. त्यात पाच-दहा मिनिटं जातात. त्या वेळात मुलाला बसवून ठेवणं एवढंच तुमचं काम. बार वर ढकलायचा नाही, डब्याबाहेर पाय काढायचा नाही.

पावसाचं वेगळं. ओल्या पोलादावर रबर घसरतं, चढावर चाक जागीच फिरतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून सरी आल्या की ट्रेन सावकाश चालवतात किंवा बंद करतात. वीज कडाडत असेल किंवा वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली तर बंदच. पावसाची चिन्हं असतील तर ही राइड दिवसाच्या सुरुवातीलाच उरका.

ट्रेन खरोखरच अडकली तर? मार्गालगत जाळीची पायवाट आणि कठडा असेल, तर कर्मचारी आधी वीजपट्टी बंद करून तिला कुलूप लावतात आणि मग एकेक डबा उघडून माणसांना चालवत नेतात. पायवाट नसेल तिथे ट्रेन ढकलत किंवा ओढत फलाटावर आणतात, नाहीतर खालून शिडी किंवा उचलणारा पाळणा लावतात. खालून बघून पायवाट सहज ओळखता येते, रांगेत उभं असताना एकदा मान वर करा. वीजपट्टी जवळ असते, म्हणून कर्मचारी येण्याआधी स्वतःहून उतरणं हा या राइडमधला सर्वांत मोठा धोका मी समजतो.

आजींचा प्रश्न इथेच येतो. बसायला त्रास नाही, प्रश्न उतरण्याचा. ऑपरेटरला थेट विचारा: "ट्रेन वर अडकली तर पायवाटेने चालून जिना उतरावा लागेल का?" हो म्हणाला आणि आजींना कठडा धरूनही जिना उतरता येत नसेल, तर त्यांना खालीच बसू द्या. चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांना "दोन पावलं चालता येतं का" असं विचारतात, तेही यासाठीच. तो अपमान नसतो. फलाट आणि डबा यांच्यातली फट आणि पायरीची उंचीही बघून घ्या. काही ठिकाणी ट्रेन पूर्ण न थांबता सरकत्या पट्ट्यावरून चढायचं असतं. तिथे गुडघेदुखी असलेल्यांसाठी पट्टा हळू करता येईल का, किंवा थांबवता येईल का, ते आधी सांगून ठेवावं.

मुलासाठी नियम सहसा वयाचा नसतो, उंचीचा असतो. मोठ्या माणसासोबत किती उंची चालेल आणि एकट्याला किती हवी, असे दोन आकडे फलकावर असतात. कारण साधं आहे: दोघांत मिळून एकच लॅप बार असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलासमोर पोकळी राहते. त्या पोकळीतून मूल पुढे सरकू नये इतकं ते मोठं आणि स्वतःहून ताठ बसणारं असावं लागतं. मापात एखादं बोट कमी पडत असेल तर टाचा उचलायला लावू नका. मुलाला आत बसवा, तुम्ही दाराच्या बाजूला. त्याची पाठ टेकलेली, पाय डब्यात. अचानक ब्रेक लागला तर एवढ्या वेगातही छोटा हिसका बसतो, म्हणून एक हात त्याच्यासमोर आडवा ठेवा. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ देतात की नाही, ते फलकावर वाचा.

राइड चांगली सांभाळली जाते का, हे बाहेरूनही थोडंफार कळतं. बोल्ट आणि नट यांच्यावरून ओढलेली रंगाची सरळ रेघ दिसते का? ती तुटलेली असेल तर नट फिरला आहे, हे लांबूनच समजतं. ऑपरेटर प्रत्येक बार हाताने ओढून तपासतो की नुसती नजर टाकतो? दुसरी सवय दिसली तर मी तरी त्या ट्रेनमध्ये मुलाला बसवणार नाही. सकाळी दारं उघडण्याआधी मार्गाची पाहणी, इमर्जन्सी स्टॉपची चाचणी आणि रिकाम्या फेऱ्या व्हायला हव्यात, हेही बिनधास्त विचारा.

मुलाला उंचीची भीती वाटली तर मधल्या डब्यात बसा आणि त्याला लांबचं झाड किंवा कळस दाखवत राहा, सरळ खाली बघू देऊ नका. बोगदा आहे का ते आधी विचारून त्याला सांगून ठेवा, कारण पुष्कळ मुलं उंचीपेक्षा अचानक आलेल्या अंधाराला जास्त बिचकतात. आणि फेरी संपल्यावर ट्रेन पूर्ण थांबून बार उघडेपर्यंत त्याचा हात सोडू नका. फलाट दिसला की मुलं उठतात, आणि धडपडतात ती बहुधा तिथेच.