तबला ठेवून चीज करू पाहणाऱ्यास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कार्यक्रम कमी करून चीज करायचं म्हणतोस. मी बरीच वर्षं साथ केली आणि मग दुधाकडे वळलो, तेव्हा मला विचारलंस ते बरं केलंस. ब्लर या इंग्लिश बँडचा बासवादक ॲलेक्स जेम्स ऑक्सफर्डशायरच्या शेतावर जाऊन चीज करू लागला, पण त्याच्या पाठीशी नाव होतं, जमीन होती. तुझ्यापाशी कान आणि हात आहेत. त्यांच्याच भरवशावर सुरुवात कर.

दूध नीट थिजलंय का, हे नुसतं घड्याळ बघून कळत नाही. सुरी तिरकी घालून हलकेच वर उचल. चीर स्वच्छ फुटून तिच्यात हिरवट, नितळ पाणी भरलं तर काप. कड दह्यासारखी विस्कटली तर थांब. तिथे घाई केलीस की सगळा स्निग्धांश पाण्याबरोबर गेलाच. इटलीत पार्मिजानो रेज्जानो या चीजचं गोल चाक 12 महिन्यांचं झालं की जाणकार छोट्या हातोडीने ते ठोकून ऐकतात. आत भेग असेल तर आवाज बदलतो. तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, हातोडी मारत चाट सुरात आणणाऱ्याला यातलं मर्म चटकन कळेल.

एक गोष्ट मात्र आपल्याला जड जाते. मैफलीत सम हुकली तर पुढच्या आवर्तनात सावरता येतं. इथे आजची चूक तीन महिन्यांनी चाक कापल्यावर दिसते, तोवर तसली आणखी पन्नास चाकं फळीवर असतात. म्हणून वही ठेव. दुधाचं तापमान, विरजण, वेळ, त्या दिवशीची हवा, सगळं लिही.

एकदा माझ्या 80 लिटर दुधाला आंबटपणा चढेचना. गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती, प्रतिजैविक टोचलं होतं आणि ते दूध मिसळलं गेलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. खरं तर मीही विचारलं नव्हतं. सगळं ओतून दिलं. तेव्हापासून गोठ्यावर स्वतः जातो.

वर्षभर एकच प्रकार कर, गौडा कर. 10 लिटर दुधात जेमतेम किलोभर उतरेल, त्यामुळे शिकवण्या इतक्यात सोडू नकोस. आणि पहाटेचा रियाझ तर मुळीच नको.

दिवाळीनंतर ये. पावसाळ्यात केलेली चाकं तेव्हा कापायची आहेत. डग्गा-तबला घेऊन ये.

तुझा,
काका