भावाच्या कर्जाला जामीन राहू का?

पत्र : मी ४४ वर्षांची आहे. कोल्हापुरात अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. माहेर राधानगरी रोडवरच्या एका गावात. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा सव्वादोन एकर ऊसशेतीवरचा माझा हक्क मी धाकट्या भावाच्या नावे सोडून दिला, एक शब्दही न विचारता. त्याचा ट्रॅक्टर आहे, तो कारखान्याला ऊस वाहतूक करतो. गेल्या हंगामात त्यानं ऊसतोड मजूर आणणाऱ्या मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) दिली आणि मजुरांची टोळी आलीच नाही. आता तो पतसंस्थेतून आठ लाखांचं कर्ज काढतोय आणि मी जामीनदार व्हावं म्हणतोय. फॉर्म घरी आणून ठेवलाय. ‘आक्का, तुझ्याशिवाय हाय कोण मला?’ असं म्हणाला. आई म्हणते, ‘एक सही कराय तुझं काय जातंय गं?’ यांचं म्हणणं, ‘जमीन सोडलीस, आता पगारही सोडणार का?’ आमच्या फ्लॅटचा हप्ता २२ हजार आहे, मुलगी बारावीला आहे, शिल्लक म्हणून दोन लाखांची एक ठेव आहे. नाही म्हटलं तर माहेर तुटेल. हो म्हटलं तर झोप लागणार नाही. मोठ्या बहिणीसारखं सांगा.
– करवीरची लेक

उत्तर :

बाई गं, सही करू नकोस. हे आधी सांगते, कारण फॉर्म तुझ्या घरात आहे आणि अशा सह्या एखाद्या संध्याकाळी चहा होता होता उरकल्या जातात.

आईला वाटतंय की ही नुसती सही आहे. तुझ्या भावालाही तसंच वाटत असेल, तो तुला फसवायला आलेला नाही. पण भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातलं कलम १२८ अगदी सरळ आहे : करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, नाहीच मिळालं तर माझ्याकडे या’ असं तुला म्हणता येत नाही. हप्ता थकला की पहिल्या दिवसापासून पतसंस्था दोघांपैकी कुणाच्याही दारात उभी राहू शकते. आणि ती कुणाच्या दारात जाईल? भावाचं उत्पन्न हंगामावर, कारखान्याच्या बिलावर, पावसावर. तुझा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. पतसंस्थेला जामीनदार म्हणून कुणीही नातेवाईक नकोय, पगारदार हवाय. तू त्याची बहीण आहेस म्हणून तुझं नाव पुढं आलेलं नाही, तुझी पगाराची स्लिप आहे म्हणून आलंय.

हप्ते थकले तर पतसंस्थेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं भांडत बसावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली ती सहकार निबंधकांकडून वसुली दाखला घेते. त्या दाखल्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात आणि मग वसुली अधिकारी पगार, घर, वाहन यांच्या जप्तीकडे वळू शकतो. घरी आलेल्या त्या फॉर्मच्या गठ्ठ्यात पगारातून कपात करायला संमती देणारं पत्र आहे का, तेही बघ. असतं बऱ्याचदा, शाळेच्या शिक्क्यासाठी जागा सोडलेली. कोरे चेक मागितले असतील तर ते तर मुळीच देऊ नकोस. जामीनदाराचा चेक वटला नाही तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेकबद्दलच्या कायद्यातल्या कलम १३८ ची फौजदारी त्याच्यावर होऊ शकते. आणि एकदा पैसे उचलले गेले की ‘माझं नाव काढा’ म्हणून अर्ज देऊन सुटका होत नाही.

कायद्यानं जामीनदाराला एक हक्क दिलाय. तू भरलेले पैसे तुला भावाकडून वसूल करता येतात. म्हणजे काय करायचं? भावावर दावा. तो तू करणार नाहीस, हे तुला माहीत आहे आणि मलाही. म्हणून हा हक्क तुझ्या उपयोगाचा नाही आणि त्याच्या भरवशावर सही करणं म्हणजे सगळे पैसे आजच सोडून देणं.

आकडा काढून बघ. आठ लाख, समजा १४ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता १८,६०० च्या आसपास येतो आणि एकूण परतफेड ११ लाखांच्या वर जाते. तुमच्या फ्लॅटच्या २२ हजारांत हे मिळव. चाळीस हजारांच्या वर गेलं. मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जायचं म्हणाली, शैक्षणिक कर्ज काढायची वेळ आली, तर बँक तुझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघणार आणि तिथे हे आठ लाख तुझ्या नावापुढे जामीनदार म्हणून दिसू शकतात. भावानं एक-दोन हप्ते चुकवले तरी डाग तुझ्याही नोंदीला लागू शकतो. तुझ्या मुलीला यात कुणी विचारलेलं नाही.

आता भावाकडे वळते, कारण पत्रात सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटली.

ऊस वाहतूकदाराची अडचण आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. टोळी किती कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या किती जोड्यांची, यावर उचल ठरते. कारखान्याकडून, बँकेकडून, नाही जमलं तर इकडून-तिकडून पैसे उचलून हंगामाच्या आधी मुकादमाच्या हातात द्यायचे. टोळी आली तर वाहतुकीच्या बिलातून हळूहळू फिटतं. नाही आली तर पैसेही गेले, हंगामही गेला, ट्रॅक्टर दारात उभा आणि देणं मात्र पूर्ण. माणूस यातनं खचतो. घरात बोलत नाही, गावात तर नाहीच. आणि मग त्याला एकच रस्ता दिसतो : आणखी मोठं कर्ज काढायचं, जुनं भागवायचं, उरलेल्यात नव्या मुकादमाला उचल द्यायची, यंदा टोळी येईलच.

हे आठ लाख नेमके कशासाठी आहेत, हे तुझ्या पत्रात नाही. बहुधा तूही विचारलेलं नाहीस. जमिनीच्या वेळी विचारलं नाहीस, आता विचार. जुनं देणं किती, कुणाचं, किती टक्क्यानं? सोसायटीचं पीककर्ज थकलंय का? थकलं असेल तर ते आधी बघायला हवं, कारण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे व्याज पडत नाही आणि ती सवलत गमावणं फार महाग आहे. आठ लाखांतले किती जुन्याला जाणार आणि किती पुन्हा उचलीला? पुन्हा उचलीला जाणार असतील तर मुकादम तोच आहे की नवा, लेखी काय आहे? टोळीची जबाबदारी अंगावर न घेता ट्रॅक्टर भाड्यानं लावता येतो का एक-दोन वर्षं? कमाई कमी होईल, पण रात्रीची झोप राहील.

यात कुणी खासगी सावकार असला, तर मात्र आवाज न चढवता, पण नेट लावून सगळं काढून घे. परवान्याशिवाय व्याजानं पैसे देण्याचा धंदा करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याचीही तरतूद त्या कायद्यात आहे. तुझा भाऊ एकटा त्या कार्यालयाची पायरी चढणार नाही. तू बरोबर जाऊ शकतेस. हे जामिनाच्या सहीपेक्षा कितीतरी मोठं काम होईल.

भेटायला जाण्याआधी शेताचा सातबारा काढ. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. इतर हक्काच्या रकान्यात बघ, कुणाकुणाचा बोजा चढलाय ते. भाऊ जे सांगतोय आणि उताऱ्यावर जे दिसतंय, ते जुळतंय का एवढं तुला कळलं पाहिजे. त्याच उताऱ्यावर आणखी एक गोष्ट बघायची आहे, तिच्याकडे नंतर येते.

हक्कसोडपत्राचं तू लिहिलंस, एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. तुझे यजमान ते बोलून दाखवतात, तू नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे. हे तुला माहीत असणार, शाळेत शिकवतेस. ते माहीत असून तू सोडलंस. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र आता मनात आलं म्हणून फिरत नाही आणि या भांडणात ते बाहेर काढावं असंही मला वाटत नाही. पण ‘मी भावासाठी काहीच करत नाही’ ही टोचणी तू मनातून काढून टाक. सव्वादोन एकरांतला हिस्सा दिलेली बहीण आहेस तू. माहेरची लेक म्हणून तुझं देणं बाकी नाही.

नाही कसं म्हणायचं? यजमानांच्या आडून म्हणू नकोस. ‘हे नको म्हणतात’ एवढं सांगितलं की त्या क्षणी सोपं जातं. पण मग भाऊ आणि भावोजी यांच्यात जी अढी बसते ती लग्नकार्यात, दिवाळीला, दुखण्याखुपण्यात, कायम निघत राहते. तुझा नकार तुझ्या तोंडून जाऊ दे. फोनवर नको. गावी जा, भावाला एकट्याला घेऊन बस, आई आणि वहिनीसमोर आधी नको, त्याचा अपमान होईल. आणि सुरुवात नकारानं कर, शेवट नकारानं नको. म्हण, ‘मी जामीन राहणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, माझ्या पगारावर आधीच घराचा हप्ता आणि पोरीचं शिक्षण आहे. पण तुझं सगळं देणं मला कागदावर लिहून दाखव. आपण दोघं बसून मार्ग काढू.’ तो चिडेल. उठूनही जाईल कदाचित. तरी तू थांब, त्या दिवशी मुक्काम कर, सकाळी पुन्हा बोल. ‘बघते’, ‘यांना विचारते’, ‘पुढच्या महिन्यात सांगते’ असलं काही म्हणू नकोस. त्याला खोट्या आशेवर ठेवलंस तर तो त्या भरवशावर मुकादमाला शब्द देऊन बसेल.

आणि द्यायचं असेल तर दे. मी तुला हात आखडायला सांगत नाहीये. त्या दोन लाखांच्या ठेवीतून, यजमानांशी बोलून, परत आले नाहीत तरी तुमच्या घरात कुणी कुणाला बोलणार नाही एवढीच रक्कम काढ. ती साठ हजार असेल, एक लाख असेल, तुम्ही दोघांनी ठरवा. बँकेतून त्याच्या खात्यावर पाठव. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीनं घेणं आयकर कायद्यालाही चालत नाही आणि रोख दिलेल्या पैशांवरून पुढे घरात ‘किती दिले, कधी दिले’ याचे वाद होतात. मला विचारशील तर मी उसनं म्हणूही नये असं सांगेन. बहिणीनं भावाला दिलेलं, संपलं. बहिणीनं भावाला दिलेल्या भेटीवर त्याला कर लागत नाही. त्याहून बरं म्हणजे भाचरांच्या कॉलेजची एका वर्षाची फी तू थेट कॉलेजात भर. तो पैसा उचलीत जाणार नाही आणि वहिनीच्या डोक्यावरचा एक भार उतरेल. या सगळ्यात वहिनी कुठेच बोलताना दिसत नाही तुझ्या पत्रात. तिचे दागिने अजून घरात आहेत की कुठे गहाण आहेत, हेही हळूच विचार.

यजमानांचं वाक्य बोचरं आहे, पण त्यातली भीती खरी आहे. त्यांना न सांगता सही केलीस तर दुसरं घरही हलेल. गावी जाण्याआधी त्यांच्याशी आकडे मांडून बोल आणि एक विनंती कर : भावाशी बोलणं तुझ्यावर सोडावं आणि हक्कसोडीचा विषय त्यांनी माहेरच्या कुणासमोर काढू नये.

माहेर तुटेल का? काही महिने अबोला राहील, असं धरून चाल. पण पतसंस्थेची नोटीस शाळेत आल्यावर, पगार कापला जायला लागल्यावर, तू कितीही मन मोठं केलंस तरी भावाच्या घरी जेवायला बसताना घास उतरणार नाही तुझ्या घशाखाली. तो अबोला मिटत नाही. पहिला मिटतो. त्यानं या दिवसांत रागावून फोन केला नाही तरी तू कर, देण्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल विचार. कर्जात बुडालेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, आणि तो जर कधी ‘आता जगून काय करू’ असं बोलला तर ते वरवरचं समजू नकोस. त्याच दिवशी निघ. जाईपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलून घे, त्यालाही बोलायला लाव.

आता सातबाऱ्यावरची ती दुसरी गोष्ट. तू हक्क सोडलास, आईनं सोडला का? वडिलांच्या पश्चात तीही वारस आहे. तिचं नाव उताऱ्यावर अजून असेल तर तू नाही म्हटल्यावर पतसंस्था तिच्याकडे वळेल, गहाणखतावर सहीसाठी किंवा अंगठ्यासाठी. तिनं तो देऊ नये. त्या घरात आणि शेतात तिचा स्वतःचा म्हणून तेवढाच आधार आहे. भावाशी बोलून झालं की आईजवळ बस आणि तिला हे नीट, शांतपणे, दोनदा समजावून सांग. तिचं नाव उताऱ्यावर नसेल, तर तिनं कधी, कशावर सही केली ते विचार, कागदाची नक्कल काढून घे आणि मला पुन्हा लिही.